गुप्तवार्ता आणि गृहमंत्र्यांचे उत्तरदायित्व

यशवंतराव चव्हाण १९६६ ते १९७० या काळात केंद्रीय गृहमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, सप्टेंबर १९६८ मध्ये, परदेशविषयक गुप्तवार्तेचे काम गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील इंटेलिजन्स ब्युरोकडून (आयबी) काढून ‘रॉ’ या नव्या संस्थेकडे सोपविण्यात आले. ही संस्था मंत्रिमंडळ सचिवालयात, म्हणजे पंतप्रधानांच्या अधिपत्याखाली आहे. परीक्षेत नेमका हाच फरक चुकतो.

गृहमंत्र्यांकडे देशांतर्गत बाजू उरली. उत्तर देण्याचे ओझे मात्र हलके झाले नाही. १८८७ पासूनची आयबी संसदेच्या कोणत्याही स्वतंत्र कायद्याने स्थापन झालेली नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ नेही, भ्रष्टाचार व मानवी हक्कभंगाचे आरोप वगळता, तिला सूट दिली आहे. त्यामुळे लोकसभेला जाब विचारण्यासाठी समोर उभा असतो तो मंत्रीच.

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला आणि ३० नोव्हेंबरला गृहमंत्री शिवराज पाटील यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. डिसेंबरअखेर राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा अस्तित्वात आला. पण ही संस्था घडलेल्या गुन्ह्याचा तपास करते. गुप्तवार्ता संस्थांना कायद्याच्या चौकटीत आणू पाहणारे मनीष तिवारी यांचे २०११ चे खासगी विधेयक मात्र संमत झाले नाही.