पदवी कशासाठी? नोकरी कुणासाठी?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही विद्वान वक्ता नाही. सूतगिरणीत तीन पाळ्यांत राबणारा कामगार. दहावीला शाळा सुटली. पुढे चाळिशी ओलांडल्यावर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी. ए. झालो. रात्रपाळीत जेवणाच्या सुट्टीत पुस्तक उघडलं की सोबती हसायचे, "आता काय कलेक्टर होणार का?" झालो नाही. पण मुलीला अर्थशास्त्र समजावून सांगता आले, हे काय थोडे झाले?

आज आपल्या वस्तीतली मुले-मुली पदवीधर होत आहेत, स्पर्धा परीक्षा देत आहेत. अभिमान वाटतो. म्हणूनच दोन गोष्टी स्पष्ट बोलतो.

पहिली गोष्ट. राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेला पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुले बसू शकतात, पण मुख्य परीक्षेला पदवी हातात लागते. म्हणून कॉलेजचा अभ्यास बाजूला टाकू नका. अर्ज लाखांनी येतात, जागा थोड्या असतात. हुशार मूलही यादीबाहेर राहते, त्यात त्याचा गुन्हा नाही. माझा पुतण्या सहा वर्षे पुण्यात खोली करून राहिला. निकाल हुकला. परत आला तर जो भेटेल तो विचारी, "काय रे, झालं का?" त्यात मीही होतो. पोरगा विहारात यायचा बंद झाला. बंधूंनो, त्याला परीक्षेने नाही, आपण खचवले. आज तो कायद्याचे शिक्षण घेतोय. किती वर्षे प्रयत्न करायचा आणि पुढचा मार्ग कोणता, हे घरात बसून आधीच ठरवा. एम. ए., बी. एड., वकिली, समाजकार्य हीसुद्धा लोकसेवेचीच दारे आहेत.

दुसरी गोष्ट. मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी मी एका कचेरीत तीन खाडे करून गेलो. दरवेळी नवा कागद मागितला. चौथ्या दिवशी दुसरी बाई खिडकीवर होती. तिने लागणारे सगळे कागद एका चिठ्ठीवर लिहून दिले. आठवड्यात काम झाले. नियम तोच, खिडकी तीच. फरक फक्त आतल्या माणसाचा!

बाबासाहेब १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत हजर झाले. एवढा शिकलेला माणूस, पण कचेरीत शिपाई दुरून कागद टाकत आणि राहायला गावात जागा मिळेना. खुर्ची मिळाली तरी माणुसकी मिळतेच असे नाही, हे त्यांनी सोसले. मग आपला मुलगा त्या खुर्चीवर बसल्यावर खिडकीबाहेरच्या म्हातारीला "उद्या या" म्हणाला, तर आपण काय शिकलो? साहेब झाला नाही, कारकून झाला, परिचारिका झाली, तरी चालेल. समोरच्याचा खाडा वाचवा, तीच सेवा.

शेवटी एकच विनंती. जे नोकरीला लागलेत त्यांनी रविवारी एक तास विहारात येऊन मुलांना शिकवावे. वर्गणी आम्ही कामगार देऊ, वेळ तुम्ही द्या. आणि माझ्या पुतण्यासारखा कोणी परत आला, तर निकाल विचारू नका. आधी चहा पाजा.

एवढे बोलून थांबतो. जयभीम!