पाठीवर सॅक, हेलसिंकी ते वॉर्सा
(दहावी १९९५ तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, तुझ्या युरोपच्या ट्रिपबद्दल दहा मिनिटं बोल. गेल्या मे महिन्यात मी ग्रुपवर फोटो टाकले होते, ते तुम्ही पाहिलेत. हेलसिंकी, टालिन, रिगा, विल्नियस आणि वॉर्सा. खाली अंगठे आले, 'मजा आहे बाई तुझी' आलं. एकानं विचारलं, 'कंपनीनं पाठवलं का?' मी उत्तरात नुसता हसरा चेहरा टाकला. त्या हसऱ्या चेहऱ्याचा हिशेब आज द्यायचा आहे.

फेब्रुवारीत माझी नोकरी गेली होती. सोळा वर्षं एका कंपनीत काढली. एका मंगळवारी पंधरा मिनिटांची व्हिडिओ मीटिंग झाली आणि संध्याकाळपर्यंत लॅपटॉप जमा करायला सांगितलं. पुढचे दोन महिने मी घरात बसून अर्ज पाठवत होते आणि दर दहा मिनिटांनी मेल बघत होते. शेवटी नवराच म्हणाला, "ऑफिसच्या कामानं तीनदा हेलसिंकीला गेलीस आणि तीनदा हॉटेल बघून आलीस. आता वेळ आहे, तर जाऊन ये." बजेट आम्ही दोघांनी बसून ठरवलं. विमानापासून चहापर्यंत सगळं धरून एक लाख तीस हजार. त्यावर एक रुपया नाही.

पहिली परीक्षा व्हिसाची. शेंगेन व्हिसा एकच लागतो, आणि ज्या देशात सगळ्यात जास्त मुक्काम त्या देशाकडे अर्ज करायचा. माझ्या चार रात्री वॉर्सात, म्हणून पोलंड. फी ९० युरो, शिवाय ३० हजार युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा विमा. अर्जात एक रकाना असतो, सध्याचा व्यवसाय. त्या रकान्यापाशी मी बराच वेळ थांबले. चोवीस वर्षांपूर्वी इंजिनियर झाले तेव्हापासून तिथे काय लिहायचं हा प्रश्न कधी पडला नव्हता. शेवटी खरं तेच लिहिलं, नोकरी नाही. पगाराच्या स्लिपांऐवजी बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, कंपनीचं सोडल्याचं पत्र आणि नवऱ्याचं पत्र जोडलं. व्हिसा मिळाला. परक्या देशाच्या वकिलातीला मी खरं सांगितलं, आणि तुम्हाला हसरा चेहरा पाठवला.

आता प्रवास. हेलसिंकी पाचांमध्ये सगळ्यात महाग. आठ खाटांच्या खोलीतली वरची खाट, त्या खाटेचे रोज ३४ युरो. मेमध्ये तिथे रात्री दहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्यामुळे डोळ्यांवर पट्टी बांधून झोपायचं. पंचेचाळिसाव्या वर्षी शिडीनं वर चढताना गुडघे काय म्हणाले ते सांगत नाही. पण नळाचं पाणी पिता येतं, दुकानातून पाव, चीज, टोमॅटो आणले की जेवण होतं, आणि सुओमेनलिन्ना नावाचा समुद्रातला किल्ला शहराच्या बसच्याच तिकिटात बोटीनं बघता येतो.

पहिल्याच दिवशी माझ्या सॅकचा पट्टा उसवला. नवी सॅक म्हणजे बजेट कोसळलं. हॉस्टेलमधल्या मुलीनं सांगितलं, ओओदी लायब्ररीत जा. २०१८ साली उघडलेली ही सार्वजनिक लायब्ररी. तिथे पुस्तकांबरोबर शिवणयंत्रंसुद्धा आहेत आणि ती कुणालाही फुकट वापरता येतात. शेजारी एक आजी पडदा शिवत होत्या, त्यांनी खुणेनंच दोरा ओवायचा कसा ते दाखवलं. मी पट्टा शिवला, उलटसुलट तीन टिपा मारल्या. कार्यानुभवाच्या बाई इथे बसल्या आहेत. बाई, तुम्ही माझ्या पिशवीला दहापैकी चार मार्क दिले होते. हा पट्टा वॉर्सापर्यंत टिकला.

हेलसिंकीहून टालिनला बोटीनं दोन तास लागतात. पुढे टालिन ते रिगा साडेचार तास, रिगा ते विल्नियस चार तास, दोन्ही बसनं. लवकर तिकीट काढलं तर पंधरा-सतरा युरोत बसतं. टालिनचं जुनं शहर, त्याची तटबंदी, पंधराव्या शतकापासून चालू असलेलं चौकातलं औषधाचं दुकान, हे सगळं पायीच बघून झालं. रिगाचा मोठा बाजार बसस्टँडच्या अगदी जवळ आहे. झेपेलिन नावाची प्रचंड हवाई जहाजं ठेवायचे जे जुने सांगाडे होते, ते वापरून त्याचे पाच मंडप उभे केले आहेत. काळा राय पाव, काकडीचं लोणचं आणि पनीरसारखं चीज, एवढ्यावर माझे दोन दिवस निघाले. विल्नियसला बिटाचं गार गुलाबी सूप मिळालं, सोबत गरम बटाटे. आपली ताकातली बिटाची कोशिंबीर पातळ केली तर साधारण तशीच लागेल. आणि संस्कृतवाल्यांसाठी एक गंमत. लिथुआनियन भाषेत दाताला 'दांतिस', मुलाला 'सूनुस', आगीला 'उग्निस' आणि धुराला 'दूमाय' म्हणतात. दंत, सूनु, अग्नि, धूम. आठवीच्या शब्दरूपावलीचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

पण ज्या गोष्टीसाठी हा रस्ता मला कायमचा लक्षात राहिला, ती वेगळीच आहे. २३ ऑगस्ट १९८९ ला याच रस्त्यावर, टालिनपासून रिगामार्गे विल्नियसपर्यंत, सहाशेहून अधिक किलोमीटर, सुमारे २० लाख माणसं एकमेकांचा हात धरून उभी राहिली. पन्नास वर्षांपूर्वी त्याच तारखेला हिटलरची जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांनी गुप्तपणे हे देश आपसात वाटून घेतले होते. त्याच्या निषेधासाठी ही साखळी होती. संध्याकाळी सात वाजता, पंधरा मिनिटं. तेव्हा आपण नुकतेच पाचवीत या शाळेत आलो होतो. आपल्या वर्गातल्या नकाशावर हे तिन्ही देश नव्हतेच, सगळा एकच रंग होता, सोव्हिएत संघ. १९९१ मध्ये ते स्वतंत्र झाले, पण तो नकाशा आपण दहावी होईपर्यंत भिंतीवर होता. विल्नियसच्या कॅथेड्रलसमोरच्या चौकात जमिनीत एक फरशी बसवली आहे, तिच्यावर 'चमत्कार' या अर्थाचा शब्द कोरलेला आहे. ती साखळी तिथे संपली. लोक त्या फरशीवर उभं राहून मनात इच्छा धरतात आणि गोल फिरतात. मीही फिरले. काय मागितलं ते तुम्ही ओळखलंच असेल.

त्या तेरा दिवसांत एक गोष्ट लक्षात आली. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात कुणीच मला 'कुठे काम करतेस?' असं विचारलं नाही. विचारायचे, 'काल कुठून आलीस? उद्या कुठे?' पुण्यात माझी ओळख कंपनीच्या नावानं सुरू व्हायची. इथे मी चहा टाकणारी, वरच्या खाटेवरची बाई होते, आणि त्यावर माझं भागत होतं.

विल्नियसहून वॉर्साला रात्रीच्या बसनं गेले. आठ तासांचा प्रवास होतो आणि एका रात्रीचं भाडंही वाचतं. वॉर्सा दुसऱ्या महायुद्धात बहुतेक जमीनदोस्त झालं होतं. तिथलं 'जुनं शहर' खरं तर युद्धानंतर जुनी चित्रं आणि नकाशे बघून पुन्हा बांधलेलं आहे. आणि याच शहरात, मोंते कॅसिनो स्मारकाजवळ, कोल्हापूरचं नाव असलेला एक स्मृतिफलक आहे.

गांधीनगरला कापड घ्यायला आपल्यातलं कोण गेलं नाही? ते गांधीनगर जिथे वसलं, तिथे त्याआधी, १९४३ ते १९४८, वळिवड्याची पोलिश छावणी होती. सोव्हिएत राजवटीनं घरादारातून उचलून सैबेरियाकडे नेलेली माणसं इराणमार्गे तिथे पोचली. सुमारे पाच हजार, त्यात बायका आणि मुलंच जास्त. बराकी, शाळा, चर्च, दवाखाना, नाटकाचा रंगमंच, सगळं त्यांनी तिथे उभं केलं. मिरजेला जाताना आपली गाडी वळिवडे स्टेशनावर थांबायची आणि आपल्याला यातलं काही माहीत नसायचं. त्या फलकासमोर मी एकटी उभी होते. फोटो काढला, ग्रुपवर टाकायला घेतला, आणि टाकला नाही. त्याऐवजी माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला फोन लावला. ती इथेच तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि हे सांगायला तिनं परवानगी दिली आहे.

मी म्हटलं, "अगं, मी वॉर्सात आहे आणि माझी नोकरी गेलीय." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "लॉकडाउनमध्ये माझं झेरॉक्सचं दुकान बंद पडलं. दोन वर्षं मी दुसऱ्याच्या दुकानात कामाला जात होते. तुला कुठे सांगितलं होतं?" आणि त्या दोन वर्षांत आम्ही दोघी एकमेकींना रोज 'सुप्रभात' पाठवत होतो!

एकूण खर्च एक लाख अठ्ठावीस हजार झाला. दोन हजार उरले, त्यातून घरच्यांसाठी रिगाचं चॉकलेट आणलं. ऑगस्टमध्ये मला काम मिळालं, लहान कंपनी, आधीपेक्षा कमी पगार. ट्रिपमुळे मिळालं असं म्हणणार नाही. पण मुलाखतीत 'मधले सहा महिने काय करत होतात?' असं विचारलं, तेव्हा आवाज कापला नाही.

तुमच्यापैकी कुणाला हा प्रवास करायचा असेल तर माझी खर्चाची वही आहे, बसच्या वेळांसकट देईन. बायकांनी एकट्यानं जाण्यासारखा रस्ता आहे. सॅक मात्र सात किलोच्या वर नको.

आणि आपल्या ग्रुपसाठी एक विनंती. वाढदिवस, सुप्रभात, फोटो हे सगळं चालू राहू दे. पण कुणाची नोकरी गेली, दुकान बसलं, घरात आजारपण आलं, तर निदान एकाला तरी फोन करा. मला तो फोन करायला वॉर्सापर्यंत जावं लागलं. तुमचा तेवढा खर्च वाचावा, म्हणून आज बोलले.