बारा बोळे आणि मामांची जर्मन गाडी

आवाज येतोय ना नीट? मागे कुत्रं भुंकतंय, त्याकडे दुर्लक्ष करा. मी जाफराबादहून बोलतोय, मामांच्या अंगणातून, आणि माझ्या शेजारी जी उभी आहे तिच्याबद्दलच आजचा भाग आहे.

गाडी २०११ ची. जर्मन. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, लेदर सीट, वर काचेचं छत. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पंधरा वर्षांची झाली की कुठलीही गाडी असलेच धंदे करते. मामांनी ती २०२२ मध्ये छत्रपती संभाजीनगरहून आणली, एका नव्या छोट्या हॅचबॅकच्या पैशांत. गावात पेढे वाटले. मामी एवढंच म्हणाल्या, "हत्ती घेतला, आता ऊस कुठून आणणार?"

आता तुम्ही म्हणाल, जाफराबादसारख्या तालुक्याच्या गावात असली गाडी आली कुठून? तर आठवा, २०१० चा ऑक्टोबर. तेव्हाच्या औरंगाबादेत एका दिवसात दीडशे मर्सिडीज विकल्या गेल्या होत्या. सुमारे ६५ कोटींचा व्यवहार. स्टेट बँकेनं त्यातल्या ४० कोटींहून जास्त रकमेला ७ टक्क्यांनी कर्ज दिलं, आणि त्याच भागात ट्रॅक्टरला किती टक्के पडतात यावर पी. साईनाथ यांनी तेव्हा लिहिलं होतं. ट्रॅक्टरवाल्याला दुपटीच्या घरात पडत होते. शिवाय शेंद्र्याच्या कारखान्यात ऑडीच्या गाड्या जोडल्या जायच्या. सांगायचं म्हणजे आपल्या भागात भारी गाड्या आल्या त्याला आता दीड दशक होत आलं. त्या काळातल्या गाड्या कुठं जातात? दुसऱ्या मालकाकडे, तिसऱ्याकडे, आणि शेवटी मामांच्या शेडनेटशेजारी.

गाडी स्वस्तात मिळते, पण तिचे पार्ट आणि तिची मजुरी स्वस्त होत नाही. हे घेताना कुणी सांगत नाही.

आमचं दुखणं सुरू झालं ते शहाबादी फरशीवरच्या एका डागापासून. रोज सकाळी बशीएवढा काळा डाग. एका गॅरेजला दाखवली. ते म्हणाले, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, इंजिनच्या मागचं सील गेलंय. आकडा दीड लाखाच्या पुढं. मामा काही बोलले नाहीत. जाताना गाडी मला चालवायला दिली, म्हणजे मनाला लागलं होतं. वरून नोंदणीचं टेन्शन. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, मग तपासणी करून पुढं ५ वर्षं वाढवून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा. तेल गळणारी गाडी घेऊन जालन्याच्या आरटीओत कोणत्या तोंडानं जायचं?

मी मेकॅनिक नाही, हे आधीच सांगतो. माझं बी. कॉम. झालंय. पण घरात मोटारी, पंप, ट्रॅक्टर, फवारणीचे यंत्र हे सगळं लहानपणापासून खोलताना बघितलंय. म्हणलं, आधी गळती खरंच कुठून आहे ते तरी बघू.

मोबाइलला जोडायचा एक वायरीचा कॅमेरा मिळतो, एंडोस्कोप म्हणतात, काही शे रुपयांत. पुढं छोटे दिवे असतात. तो इंजिनच्या दोन बाजूंच्या मधल्या खाचेत सोडला. व्ही आकाराचं इंजिन म्हणजे तीन सिलिंडर इकडं, तीन तिकडं, मध्ये दरी. मोबाइलच्या स्क्रीनवर बघतो तर दरीत तेलाचं तळं! या दरीच्या तळाशी ऑइल कूलर बसवलेला असतो. त्याखालची रबरी सीलं वर्षानुवर्षं तापून कडक होतात, दबत नाहीत, मग तेल निसटतं. ते दरीत साचतं, मागच्या बाजूनं उतरतं आणि बरोबर इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावरून टपकतं. खालून बघणाऱ्याला वाटणारच, मागचं सील गेलं. आमचा गिअरबॉक्स बिचारा निर्दोष.

सीलं किती रुपयांची? मला सगळी मिळून हजाराच्या आत पडली. नवी वाइटन रबराची होती, ते उष्णता जास्त सोसतं. पण तिथं पोचायला टर्बो काढा, हवेचे पाइप काढा, दोन्ही मॅनिफोल्ड काढा, कूलंट उतरवा. पैसे सीलाचे नसतात, पोचण्याचे असतात. आणि माझ्याकडे सोयाबीन काढून झाल्यावर वेळ भरपूर होता.

पहिल्याच दिवशी मूर्खपणा केला. खालचं कव्हर काढायला गाडी फरशीवरून मागं घेतली, मातीत. आपली काळी माती, वरून कोरडी दिसते. जॅक लावला, चाक उचललं, मी खाली डोकं घालणार तेवढ्यात मामा ओरडले, "अरे, बाहेर हो!" जॅकचा एक कोपरा बिस्किटासारखा मातीत रुतत होता. दोन टनांहून जड गाडी. मी बाहेर पडलो आणि ती हळूच एका बाजूला बसली. जॅक फक्त उचलायला असतो, खाली जायचं तर घोड्या लावायच्या, त्याही पक्क्या जमिनीवर. मला हे माहीत होतं, तरी केलं. त्या दिवशी पुढं काही काम झालं नाही. मामीनं चहा दिला, पण माझ्याशी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी शेजारचे काका मदतीला आले. चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेला माणूस, हात सोन्याचा. मी गाडी नुसती चालू ठेवून आवाज ऐकत होतो. काका म्हणाले, "हवा धरली असंल, नट ढिला करून बघू," आणि पाना थेट इंजेक्टरच्या पाइपाच्या नटावर ठेवला. मी त्यांचा हातच धरला. वाईट दिसलं ते, मोठ्या माणसाचा हात धरणं. पण ऐका. जुन्या ट्रॅक्टरमध्ये आपण हेच करतो, नट ढिला करायचा, फसफस हवा जाते, डिझेल आलं की आवळायचा. तिथं इंजेक्टर २०० बारच्या आसपास उघडतो. या गाडीत कॉमन रेल आहे, १६०० बारपर्यंत दाब. चालू इंजिनवर तो नट सुटला तर डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते. सुईच्या टोचीएवढी जखम दिसते आणि हात गमवायची वेळ येते. काकांना मोबाइलवर फोटो दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आमची विद्या इथं उलटी पडती." सगळी नाही हो काका. पुढं गंजलेला बोल्ट न तोडता त्यांनीच काढून दिला, तापवून, ठोकून, अर्धा तास धीर धरून. मी असतो तर तोडलाच असता.

आणखी एक, आवळ. ट्रॅक्टरवर आपण अंगात येऊन आवळतो. इथं बोल्ट लहान आणि खालचं धातू ॲल्युमिनियम. दहा न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे मनगटाचं काम. जास्त आवळलं की आटे गेले. म्हणून टॉर्क रेंच विकत घेतला. बोल्ट अंड्याच्या ट्रेमध्ये ठेवले, प्रत्येक खणाशेजारी चिठ्ठी.

आता बोळ्यांची गोष्ट.

मॅनिफोल्ड काढले की इंजिनची तोंडं उघडी पडतात. आमच्या इंजिनात एका सिलिंडरला दोन, म्हणजे बारा. त्यात काही पडू नये म्हणून मामींच्या जुन्या लाल साडीचे बारा बोळे करून कोंबले. सीलं बदलली, दरी पुसून लख्ख केली, बोळे काढले, सगळं परत चढवलं. चौथ्या दिवशी रात्री दहाला पसारा आवरताना बोळे मोजले. अकरा.

परत मोजले. अकरा. बादलीत बघितलं, कुत्र्याच्या जागेवर बघितलं. मामा म्हणाले, "वाऱ्यानं गेला असंल, लाव चावी." खरं सांगतो, चावी हातात होती. चार दिवस झाले होते, पाठ मोडली होती, आणि पुन्हा खोलायचं या विचारानंच रडू येत होतं. मग मोबाइल काढला. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढायची सवय ठेवली होती, ती इथं कामी आली. मॅनिफोल्ड चढवण्याआधीचा फोटो मोठा करून बघितला. उजवीकडचं मधलं सिलिंडर, दुसरं तोंड. आत खोलवर काहीतरी लालसर.

खोललं पुन्हा. मामांनी टॉर्च धरला, एक शब्द न बोलता. रात्री एकला चिमट्यानं तो बोळा बाहेर आला. चावी फिरवली असती तर तो व्हॉल्व्हपाशी गेला असता, आणि मग दीड लाखात काय झालं असतं सांगता येत नाही.

तेलाबद्दल पटकन: मामा शेडमधला ट्रॅक्टरच्या तेलाचा डबा घेऊन आले होते. तो परत पाठवला. मॅन्युअलमध्ये जो मानक क्रमांक लिहिलाय तोच डब्यावर हवा, नुसतं १५-डब्ल्यू-४० का ५-डब्ल्यू-३० एवढं जुळून भागत नाही. एअरबॅगच्या वायरींना आणि हवेच्या सस्पेन्शनला मी हात लावला नाही, लावणारही नाही.

खर्च पाने, टॉर्क रेंच, तेल, फिल्टर, कूलंट, सीलं, गॅस्केट सगळं धरून बावीस हजार. माझे पाच दिवस त्यात धरलेले नाहीत.

पहाटे तीनला गाडी चालू झाली. थोडा पांढरा धूर, मग साफ. एसी लावून गावाबाहेर एक चक्कर मारली, मामा चालवत होते. परत आल्यावर खाली पुठ्ठा अंथरला आणि झोपलो. सकाळी उठून बघतो तर मामा पुठ्ठ्यापाशी उकिडवे बसलेले. पुठ्ठ्यावर एक ओला डाग. माझं काळीज गेलं. मामांनी बोट लावलं, वास घेतला, जिभेला पण लावलं.

"पाणी हाय," म्हणाले. एसीचं.

पुढच्या भागात ब्रेक ऑइल बदलायचंय. तेव्हा भेटू.