मागचा उतावळा आणि पुढचें अंतर

मालमोटारींच्या पाठीवर जीं वचनें रंगविलेलीं असतात, त्यांपैकीं ‘अंतर ठेवा’ हें वचन सर्वांत लहान आणि सर्वांत उपेक्षित होय. त्यांतील मौज अशी, कीं धुळीनें माखलेलीं तीं अक्षरें ज्या चालकास सुखानें वाचतां येतात, त्यानें ती विनंती बहुधा आधींच मोडलेली असते. कायद्याची भाषाही याहून फारशी निराळी नाहीं. केंद्र सरकारनें १९८९ सालीं केलेल्या रस्त्यावरील नियमांत असें सांगितलें होतें, कीं पुढील वाहन एकाएकीं मंदावलें किंवा थांबलें तरी टक्कर होऊं नये, इतकें पुरेसें अंतर मागून येणाऱ्यानें राखावें. २०१७ सालीं त्या नियमांची जागा नव्या विनियमांनीं घेतली, तरी अपेक्षा तीच राहिली. अडचण आहे ती ‘पुरेसें’ या शब्दाची. एरव्हीं रांगेंत शांतपणें उभा राहणारा समंजस गृहस्थही मोटारीचें चाक हातीं आलें कीं या शब्दाचा अर्थ स्वतःच्या घाईच्या मापानें लावूं लागतो.

ताशीं १०० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत जवळजवळ २८ मीटर पुढें जाते. पुढच्या गाडीचे तांबडे दिवे लागले हें डोळ्यांस दिसून, बुद्धीस उमजून, पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध मनुष्याचाही सुमारें एक सेकंद जातो. गप्पांत रंगलेल्याचे दीड-दोन जातात. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वींच २८ मीटर संपले. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक असलेली गाडी थांबण्यास आणखी ५५ मीटरांच्या आसपास लागतात. वेग दुप्पट झाला तर हें दुसरें अंतर दुप्पट नव्हे, चौपट होतें. आतां जो चालक या वेगांत पुढच्या गाडीमागें दहा मीटरांवर चिकटून चालतो, त्याच्या पदरीं एक तृतीयांश सेकंदाहून थोडाच अधिक वेळ असतो. इतक्या वेळांत मनुष्य दचकूं शकतो, थांबूं शकत नाहीं.

धांवत्या गाडींतून मीटर मोजणें कोणासही साधत नाहीं. म्हणून हें अंतर सेकंदांनीं मोजण्याची रीत रूढ झाली आहे. पुढची गाडी एखाद्या खांबापाशीं अथवा पुलाच्या सावलीपाशीं पोहोंचली, कीं ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असें सावकाश म्हणावें. म्हणणें पुरें होण्याच्या आंतच तो खांब आपल्या गाडीशेजारीं आला, तर अंतर कमी आहे. पावसांत हीच गणना दुप्पट करावी. विशेषतः मृगाच्या पहिल्या सरींनीं रस्त्यावरील धूळ आणि तेल यांचा जो निसरडा लेप होतो, तो संततधारेपेक्षांही फसवा असतो. लोणावळा-खंडाळ्याच्या धुक्यांत तर दिसतें तेवढ्या अंतरांत थांबतां येईल इतकाच वेग ठेवणें भाग आहे.

येथवर विषय सोपा आहे. खरी कसोटी लागते ती मागचा चालक चिकटला असतां. त्याचे दिवे आरशांत लुकलुकत असतात, हॉर्न थांबत नाहीं, आणि गाडींत मुलें व वृद्ध मंडळी बसलेलीं असतात. अशा वेळीं कांहीं जण भिऊन वेग वाढवितात; मागचाही वाढवितो, आणि संकट तेंच राहून वेग तेवढा वाढतो. कांहीं जण धडा शिकविण्याकरितां ब्रेकवर पाय टेकवितात. हा धडा फार महाग पडण्याजोगा असतो, कारण दचकलेला मनुष्य चाक कोणीकडे फिरवील याचा नेम नसतो, आणि शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराचा तर यांत कांहींच अपराध नसतो.

मागच्या अंतरावर पुढच्या चालकाची सत्ता चालत नाहीं; स्वतःपुढील अंतरावर मात्र ती पूर्णपणें चालते. म्हणून मागचा जितका जवळ, तितकी पुढें अधिक जागा सोडावी. दोनांऐवजीं चार सेकंदांचें अंतर पुढें असलें, तर ब्रेक करकचून दाबण्याचा प्रसंगच क्वचित् येतो. गाडी हळूहळू मंदावते आणि मागच्या उतावळ्यालाही थांबण्यास अवसर मिळतो. त्याच्या चुकीचें मोल अशा रीतीनें पुढच्यानें भरावें, हें न्यायाचें नाहीं. पण रस्ता हें न्यायासन नव्हे. मग डावीकडे सुरक्षित जागा दिसतांच त्यास वाट करून द्यावी.

हेंही बोललें पाहिजे, कीं कांहीं उतावळे पुढच्यानेंच निर्माण केलेले असतात. २००२ सालीं पूर्ण खुल्या झालेल्या मुंबई-पुणें द्रुतगती महामार्गावर उजवी मार्गिका ओलांडून जाण्यासाठीं आहे. तेथें वेगमर्यादेचें पुण्य पदरीं बांधून मैलोगणती ठाण मांडणारा सज्जन आपल्या मागें चिडलेल्यांची रांग लावीत असतो.

घाटांतील गोष्ट आणखी निराळी. खंडाळ्याकडून खोपोलीकडे उतरतांना मागें भरलेला ट्रक अगदीं जवळ आला, तर तो उतावळाच असेल असें नाहीं. खालच्या गियरमध्यें न उतरतां सारखे ब्रेक दाबून ठेवले, कीं ते तापून त्यांची पकड जाते. सतत हॉर्न वाजवीत येणारा तो चालक कदाचित् असहाय असेल. त्याच्याशीं शर्यत किंवा हुज्जत न करतां तत्क्षणीं बाजूस व्हावें.

शहरांतील मनुष्याचा यावर ठराविक आक्षेप असा, कीं अंतर सोडलें तर दुसरा कोणी त्यांत घुसतो. घुसतो खरा. पण त्याच्यामागें पुन्हा दोन सेकंद सोडल्यानें तोटा होतो तो दोन सेकंदांचा. पनवेल ते पुणें या प्रवासांत असे तीस जण घुसले, तरी घरीं पोहोंचण्यास एक मिनिट उशीर होईल.

उलट अंतर न ठेवल्यानें वेळ कसा जातो, याचा एक सुंदर प्रयोग जपानांत झाला. युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तो २००८ सालीं प्रसिद्ध केला. २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर २२ मोटारी सारख्या वेगानें चालविण्यास सांगितलें. तेथें सिग्नल नव्हता, चौक नव्हता, खड्डाही नव्हता. तरीहि थोड्याच वेळांत कोठेंसा एकजण किंचित् मंदावला, त्यामागचा थोडा अधिक, आणि पाहतां पाहतां कांहीं गाड्या पूर्ण थांबल्या. ती कोंडी लाटेसारखी मागें मागें सरकूं लागली. पुढें मोकळी जागा राखणारा चालक अशी लाट आपल्यापाशीं मुरवितो; चिकटून चालणारा ती मागच्यांच्या गळ्यांत घालतो.

भाड्याच्या मोटारींतून जाणारीं कुटुंबेंही या प्रकरणीं अगदींच निराळीं नाहींत. विमान किंवा आगगाडी चुकेल या भीतीनें मागच्या आसनावरून ‘जरा लवकर घ्या’ असें दोनदां-तीनदां सांगितलें जातें, आणि चालक बिचारा पुढच्या गाडीला जाऊन चिकटतो. त्याच आसनावरून ‘सावकाश चला, थोडें मागें राहा’ असेंही सांगतां येतें. मात्र त्याकरितां घरून पंधरा मिनिटें आधीं निघालेलें असावें लागतें.