चावीआधी दोन फेरे : पहिल्यांदाच कॅमशाफ्ट बदलणाऱ्यांसाठी

आपण इथे कोपर्निकस मार्गावर, जुन्या महाराष्ट्र सदनाच्या परिसरात जमलो आहोत आणि काही जण पडद्यावर ऐकत आहेत. ज्याच्या नावाच्या रस्त्यावर आपण आहोत, त्या माणसाने कोण कोणाभोवती फिरते याचा हिशोब नीट मांडला. आजचा विषयही फिरण्याच्या हिशोबाचाच आहे.

मालिकेच्या प्रेक्षकांकडून एक प्रश्न वारंवार येतो. ‘सर, घरी जुनी जिप्सी आहे. कॅमशाफ्ट गेलाय म्हणतात. मी स्वतः बदलू शकतो का?’ माझे उत्तर : हो, बदलू शकता. मात्र या कामात ताकद फारशी लागत नाही. लागतो तो क्रम. क्रम चुकला तर काही हजारांचे काम अख्ख्या हेडवर जाते.

आधी कॅमशाफ्ट करतो काय ते पाहू. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात, त्यांना लोब म्हणतात. लोब रॉकरला ढकलतो, रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. इंजिन 3000 आरपीएमवर असेल तर कॅम मिनिटाला 1500 फेरे घेतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडून बंद होतो. त्याच जागेत पिस्टनही वर येत असतो. दोघांची वेळ सांभाळते ती टायमिंग बेल्ट किंवा चेन. समजा कॅमच्या पुलीला 40 दात आहेत. बेल्ट एक दात सरकला तर कॅम 9 अंश चुकला, आणि क्रँकच्या हिशोबाने 18 अंश. काही इंजिनांत एवढ्या चुकीत गाडी फक्त मरगळते. काहींत चूक थोडी वाढली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतो. आपले इंजिन दुसऱ्या प्रकारचेच आहे असे धरून चाला.

आता पहिला सल्ला. पाना हातात घेण्याआधी दोष खरोखर कॅमचाच आहे का ते तपासा. वरून टिकटिक आवाज येतो म्हणून कॅम गेला असे होत नाही. टॅपेटची गॅप वाढली तरी तोच आवाज येतो, आणि ते काम तासाभराचे आहे. आधी टॅपेट सेट करा, कॉम्प्रेशन मोजा. मग वरचे कव्हर काढून प्रत्येक लोब विजेरीच्या उजेडात पाहा. खड्डे, ओरखडे, गोलाई जाऊन सपाट झालेले टोक दिसते का? मायक्रोमीटरने लोबची उंची मोजा आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडा. कमी भरली तरच शाफ्ट बदला.

आणि शाफ्ट का झिजला हेही शोधा. ऑइल वेळेवर बदलले नव्हते, पातळी कमी होती, की वरचा ऑइलचा मार्ग गाळाने तुंबला होता? कारण तसेच राहिले तर नवा शाफ्टही त्याच वाटेने जाईल.

दुसरा सल्ला कागदपत्रांचा. दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रात 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाचे आदेश आले, 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले आणि पुढेही त्यात फेरबदल होत आले. त्यामुळे इथल्या मंडळींनी आपल्या गाडीची आजची कायदेशीर स्थिती आधी पाहावी. रस्त्यावर उतरवता न येणाऱ्या गाडीवर खर्च करायचा की नाही, हा निर्णय इंजिन उघडण्याआधीचा आहे.

तरुण मुले विचारतात, ‘बदलतोच आहोत तर रेसिंगचा कॅम टाकू का?’ पहिल्या वेळी टाकू नका. असा कॅम व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवतो. त्याचा फायदा वरच्या आरपीएमला मिळतो, पण खाली इंजिन थरथरते आणि आयडलला न जळलेले पेट्रोल बाहेर पडते. पीयूसीची तपासणी आयडललाही होते. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. कंपनीच्या मापाचाच शाफ्ट घ्या.

सुट्या भागांसाठी दिल्लीत काश्मिरी गेट आहे. पुण्यामुंबईत, नागपुरात, इंदुरात, बेळगावात तुमचे तुमचे बाजार आहेत. कुठेही जा, पार्ट नंबर लिहून न्या. शक्य तर जुना शाफ्ट शेजारी ठेवून लांबी, जर्नलची जाडी आणि लोबची दिशा जुळवा. सोबत ऑइल सील, कव्हरची गॅस्केट, टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर घ्या. रॉकरची घासणारी बाजू पाहा. झिजलेला रॉकर नव्या लोबला कानशीसारखा खातो.

आता प्रत्यक्ष काम. उदाहरण जिप्सीच्या 1298 सीसी, 16 व्हॉल्व्हच्या इंजिनाचे घेऊ. चार सिलिंडर, वर एकच कॅमशाफ्ट, पुढे बेल्ट. इंजिन लांबीत बसवलेले असल्यामुळे बेल्टची बाजू रेडिएटरकडे येते, हात घालायला जागा मिळते. नवशिक्यासाठी ही सोय आहे. अॅम्बेसेडरच्या जुन्या 1489 सीसी इंजिनात कॅम खाली ब्लॉकमध्ये असतो. तिथून सुरुवात करू नका.

इंजिन पूर्ण थंड हवे. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. एका पुठ्ठ्यावर इंजिनाचे चित्र काढा आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचा. फौजेच्या वर्कशॉपमध्ये काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर हत्यारे मोजली जातात. घरीही मोजा. हरवलेली गोटी बहुधा इंजिनात सापडते.

स्पार्क प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने सहज फिरेल. क्रँकच्या बोल्टवर पाना लावून, इंजिन एरवी फिरते त्याच दिशेने फिरवा आणि एक नंबरचा पिस्टन वर आणा. इथे बहुतेक जण फसतात. क्रँकची खूण दर फेऱ्याला जुळते, कॅमची दोन फेऱ्यांतून एकदाच. दोन्ही खुणा एकाच वेळी जुळल्या पाहिजेत. पुलीवर कधी एकाहून जास्त खुणा असतात. आपली कुठली ते मॅन्युअलमध्ये पाहा, पांढऱ्या रंगाने ठळक करा आणि फोटो काढा.

बेल्ट निघाल्यावर क्रँक किंवा कॅम मनाने फिरवू नका. टॅपेटचे स्क्रू सैल करा म्हणजे शाफ्टवरचा दाब उतरेल. काही इंजिनांत शाफ्ट टोप्यांखाली बसतो, काहींत रॉकर काढून हेडच्या टोकाकडून ओढावा लागतो. टोप्या असतील तर प्रत्येकीचा नंबर आणि दिशा टिपून ठेवा. त्या त्याच जागी, त्याच दिशेने परत बसल्या पाहिजेत. बोल्ट एका दमात सोडू नका. मॅन्युअलच्या क्रमाने, थोडे थोडे, सगळीकडून सारखे सोडा. तिरका दाब पडला तर शाफ्ट तुटू शकतो.

नवा शाफ्ट धुऊन पुसा. जर्नल आणि लोबवर असेम्ब्ली पेस्ट किंवा निदान स्वच्छ इंजिन ऑइल लावा. बेल्टला मात्र ऑइलचा थेंबही लागता कामा नये. आवळताना टॉर्क रेंचच वापरा. हेड अॅल्युमिनियमचे असते आणि त्यातले आटे रागाने आवळले की निघून येतात. जुन्या मॅन्युअलमधले आकडे बरेचदा किलोग्रॅम-मीटरमध्ये असतात आणि रेंचवर न्यूटन-मीटर असते. एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे 9.8 न्यूटन-मीटर. ही गल्लत झाली तर बोल्ट एकतर सैल राहील, नाहीतर तुटेल.

बेल्ट चढवून ताण दिलात, आता घाई होईल. थांबा. आजच्या बोलण्यातले एकच लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा : चावी फिरवण्याआधी पान्याने क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवा. हळू. कुठे कडक अडले तर जोर लावू नका, तिथेच काहीतरी काहीशी भिडते आहे. हाताने भिडले तर नुकसान नाही. स्टार्टरने भिडले तर व्हॉल्व्ह गेलाच. दोन फेऱ्यांनंतर दोन्ही खुणा पुन्हा जुळल्या पाहिजेत. केसभर नाही जुळल्या, तर बेल्ट उतरवा आणि परत बसवा. ही तपासणी दुसऱ्या माणसाकडूनही करून घ्या. शेजारी चालेल, बायको चालेल, दहावीतला मुलगा चालेल. ज्याने बसवले त्याला आपली चूक दिसत नाही, नव्या डोळ्याला दिसते.

मग फीलर गेजने टॅपेट सेट करा. गॅप थंड इंजिनाची की गरम, आणि इनटेक-एक्झॉस्टची किती, ते तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. कव्हर लावा, ताजे ऑइल आणि फिल्टर घाला, प्लग बसवा. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून स्टार्टर पाच-पाच सेकंद द्या, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मगच फ्यूज लावून इंजिन सुरू करा, तेही मोकळ्या हवेत. बेसमेंटमध्ये किंवा शटर ओढून नाही, तो धूर माणूस मारतो. गाळ, गळती आणि आवाज यांवर लक्ष ठेवा. धातूचा ठोका ऐकू आला की त्या क्षणी बंद करा.

कधी थांबायचे तेही सांगतो. खूण सापडत नाही, बोल्ट तुटला, आटे गेले किंवा मॅन्युअलच मिळत नाही, तर जाणत्या मिस्त्रीला बोलवा. त्यात कमीपणा नाही. तो काम करताना शेजारी उभे राहा, प्रश्न विचारा, वहीत लिहा. तारीख, किलोमीटर, घातलेले भाग, टॉर्कचे आकडे, सगळे. पुढच्या वेळी तीच वही तुमचे मॅन्युअल होईल.

ज्या पिढीने घरातला पंखासुद्धा उघडला नाही, तिने एकदा इंजिन उघडावे असे मला मनापासून वाटते. पैसे थोडेच वाचतात. पण वस्तू कशी चालते हे कळले की ती सहज टाकून द्यावीशी वाटत नाही. या रविवारी फक्त कव्हर काढा, लोब पाहा, कव्हर परत लावा. तेवढे नीट जमले, काही गळले नाही, की पुढच्या कामाचा विचार करा.