आजीच्या निगेटिव्ह आणि घरचा कॉम्प्युटर

वसई-विरारमध्ये तुमच्या कपाटात जुन्या निगेटिव्ह पडून असतील, तर आजचा भाग तुमच्यासाठीच. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत फिल्मवर बुरशी धरते. आजीच्या लग्नातले चेहरे पुसले जायच्या आत स्कॅन करून टाका.

मी स्कॅनर जोडताना साधा क्रम पाळतो. आधी सॉफ्टवेअर, मग केबल. केबल थेट कॉम्प्युटरला, मध्ये यूएसबी हब नको. जुना स्कॅनर स्वस्तात मिळतोय? आधी मागचं पोर्ट बघा. निकॉनच्या कूलस्कॅनमध्ये काही मॉडेल स्कझीची, काही फायरवायरची, काही यूएसबीची. यूएसबीवालं असेल तर काम सोपं. नव्या विंडोजवर कंपनीचा ड्रायव्हर चालत नसेल, तर व्ह्यूस्कॅन हे विकतचं सॉफ्टवेअर बरेच जुने स्कॅनर चालवतं. आधी ट्रायल घेऊन बघा.

३५ मिमी फिल्मची फ्रेम असते ३६ बाय २४ मिमी. २४०० डीपीआयला साधारण ७७ लाख पिक्सेल मिळतात. घरच्या प्रिंटला भरपूर! ब्लॅक अँड व्हाइट फिल्म असेल तर धूळ काढणारं ‘डिजिटल आइस’ बंद ठेवा. ते इन्फ्रारेडवर चालतं, फिल्ममधली चांदी ते किरण अडवते आणि फोटोच बिघडतो. धूळ ब्लोअरने उडवा.

फाइलच्या नावात साल, गाव, माणसं लिहा. ऑगस्ट २०१४ पर्यंत आपण ठाणे जिल्ह्यात होतो, हेही लक्षात असू द्या. आणि फोटोतली माणसं कोण, ते आजीला आजच विचारा. स्कॅनर काय, पुढच्या महिन्यातही मिळेल.