गरम झालेला ट्रॅक्टर पुन्हा सुरू होत नाही तेव्हा
(ट्रॅक्टरधारक शेतकऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्येचा शिक्षक. पेरणी, ओल, खत हे माझे विषय. तेव्हा हा माणूस आज इंजिनावर काय बोलणार, असे आपणास वाटणे साहजिक आहे. म्हणून आधी त्याचे कारण सांगतो.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात रब्बी ज्वारी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात पेरावी अशी शिफारस आहे. महिना मोठा दिसतो, परंतु त्यात खरा वाफसा मिळतो तो मोजक्या दिवसांचा. काळ्या रानात आज चिखल असतो, दोन-तीन दिवसांनी वाफसा येतो आणि ऊन पडले की वरचा थर लगेच सुकू लागतो. बी पाच सेंटिमीटरवर ओलीत पडले तर उगवते, कोरड्यात पडले तर वाया जाते. सोलापुरात १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले, तेव्हापासून ही ओल कशी साधावी हेच आम्ही सांगत आलो आहोत. आता पेरणी बहुतेक ठिकाणी ट्रॅक्टरने होते. त्यामुळे वाफशाच्या दिवशी भर दुपारी बांधाला बंद पडलेला ट्रॅक्टर हा माझ्याही विषयाचा प्रश्न झाला आहे.

मागे एका रब्बीत मंगळवेढ्याच्या बाजूला पाहिलेली गोष्ट. ट्रॅक्टर सकाळी एका सेल्फमध्ये सुरू झाला. दुपारी बियाण्याची पेटी भरण्यासाठी बंद केला, तो पुन्हा सुरूच होईना. संध्याकाळी मात्र किल्ली फिरवताच सुरू. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये नेला, तेथे काहीच दोष दिसला नाही. तरी शंका म्हणून डिझेल पंप उतरवून दुरुस्त केला. दोन दिवस आणि बरेच पैसे गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. शेवटी दोष सापडला तो बॅटरीच्या अर्थच्या केबलमध्ये. केबल जिथे चेसिसला आवळली होती तिथे गंज चढला होता. पॉलिश पेपरने घासून बोल्ट आवळला आणि काम झाले. तोवर निम्म्या रानाची ओल उडून गेली होती. मेकॅनिकला नावे ठेवण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढे ट्रॅक्टर आला तेव्हा तो गार होता आणि गार इंजिनात हा दोष लपतो. म्हणून ट्रॅक्टर गरम असताना, अडलेल्या जागीच, मालकाने दोन-तीन खुणा पाहून ठेवल्या पाहिजेत. त्या कोणत्या, हेच आज सांगायचे आहे.

गरम झाल्यावर काय बदलते?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा जोराने दाबतो, ती तापते आणि त्यात फवारलेले डिझेल पेट घेते. म्हणजे सुरू होण्यास तीन गोष्टी लागतात : सेल्फने इंजिन पुरेशा वेगाने फिरणे, डिझेल योग्य दाबाने नोझलमधून फवारले जाणे आणि सिलिंडरमध्ये हवा नीट दाबली जाणे. तिसरी गोष्ट कमजोर असेल तर इंजिन सहसा सकाळी गार असताना त्रास देते. सकाळी चटकन सुरू होऊन दुपारी अडणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये आधी पहिल्या दोन गोष्टींकडे पाहावे.

उष्णतेने तांब्याच्या तारेचा विरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. तार ३० अंशांवरून ९० अंशांवर गेली की तो जवळजवळ पाव पटीने वाढतो. त्यात गंजलेला जोड असेल तर सेल्फ मंद पडतो. दुसरीकडे डिझेल पातळ होते. ४० अंशांवर त्याची जी जाडी असते ती ८० अंशांवर साधारण निम्म्यावर येते. पंपाचे भाग झिजलेले असतील तर असे पातळ डिझेल फटीतून मागे निसटते आणि दाब तयार होत नाही.

आणखी एक गोष्ट. इंजिन बंद केले की पंखा थांबतो, रेडिएटरचे पाणी फिरायचे थांबते आणि इंजिनाच्या पोटातील उष्णता पंपाकडे व सेल्फकडे सरकते. त्यामुळे बंद केल्यानंतर काही वेळ हे भाग चालू असतानापेक्षाही जास्त तापतात. पेटी भरायला किंवा जेवायला थांबले की नेमका घोटाळा होतो तो यामुळे.

पहिली खूण : सेल्फचा वेग

किल्ली फिरवून कान द्यावा. सेल्फ सकाळसारखा जोरात फिरतो का, की रडत रडत फिरतो? मंद असेल तर पंपाला हात लावू नये. बॅटरीची दोन्ही टोके, अर्थची केबल चेसिसला किंवा इंजिनाला जिथे जोडली आहे ती जागा आणि सेल्फवरचा जाड तारेचा नट पाहावा. पांढरी-हिरवट भुकटी असेल तर अर्थची केबल प्रथम काढून जोड स्वच्छ करावेत आणि घट्ट आवळावेत. हात लावून पाहिल्यावर एखादा जोड चटका लागण्याइतका तापलेला असेल तर दोष तिथेच आहे असे समजावे.

साधा मीटर जवळ असल्यास सेल्फ फिरत असताना बॅटरीचे व्होल्टेज पाहावे. ते साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली घसरत असेल तर बॅटरी कमजोर असण्याची शक्यता जास्त. त्यानंतर मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूला लावून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला तर अर्थचा जोड खराब आहे. बॅटरी आणि जोड ठीक असूनही सेल्फ मंद असेल तर सेल्फच खोलून तपासावा.

दुसरी खूण : सायलेन्सरचा धूर

सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पेटत नाही, अशा वेळी दुसऱ्या माणसाने सायलेन्सरकडे पाहावे. पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे, पण जळत नाही. तिथे नोझल, टायमिंग, व्हॉल्व्हचे अंतर व कॉम्प्रेशन पाहावे लागेल आणि ते काम जाणकार मेकॅनिकचे आहे. धूर अजिबात नसेल तर डिझेल पोहोचतच नाही. मग पुढील क्रमाने पाहावे.

१. इंजिन बंद करण्याचा नॉब पूर्ण मागे गेला आहे का? पंपावर विजेचा स्टॉप सोलेनॉइड असेल तर किल्ली चालू करताना 'टक' असा आवाज येतो का? गार असताना येतो आणि गरम असताना येत नाही, तर सोलेनॉइड किंवा त्याची तार दोषी.

२. टाकीचे झाकण सैल करावे. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि नंतर ट्रॅक्टर सुरू झाला, तर झाकणाचे हवेचे भोक मातीने बुजले आहे. आपल्याकडील धुळीत हे नेहमी घडते.

३. फिल्टरवरचा एअर काढण्याचा स्क्रू सैल करून फीड पंपाचा हातदांडा मारावा. बुडबुडे येत असतील तर टाकी ते फीड पंप या भागात कुठेतरी हवा शिरते आहे. मऊ पडलेली किंवा चिरलेली रबरी नळी आणि वापरून चपटे झालेले तांब्याचे वायसर बदलावेत. डिझेलची धार बारीक असेल तर फिल्टर, टाकीची जाळी व फीड पंप पाहावा.

पेट्रोलप्रमाणे डिझेलचीही वाफ होऊन नळी अडते, असे काहीजण म्हणतात. डिझेल उकळू लागते ते साधारण दीडशे-पावणेदोनशे अंशांच्या पुढे. नळीत इतकी उष्णता नसते. नळीत सापडते ती बहुधा बाहेरून शिरलेली हवा.

तिसरी खूण : ओले फडके

वरील सर्व ठीक असेल तर शंका डिझेल पंपावर घ्यावी. इंजिन बंद ठेवून पिळून काढलेले ओले फडके फक्त पंपावर ठेवावे आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे. त्यानंतर लगेच सुरू झाला आणि दरवेळी असेच घडले तर पंपाची झीज झाली असण्याची शक्यता मोठी आहे. रोटरी पंपात हे अधिक दिसते. टोचन लावून सुरू होतो म्हणजे सेल्फच खराब, असे मात्र समजू नये. ओढताना इंजिन जास्त वेगाने फिरते, त्यामुळे झिजलेला पंपही तेवढ्यापुरता दाब देतो.

तापलेल्या पंपावर बादलीने गार पाणी ओतू नये. आतील भाग अत्यंत बारीक अंतराने बसवलेले असतात. बाहेरचे कवच एकदम आकसले तर पंप जाम होऊ शकतो.

पंप झिजतो तो मुख्यतः घाण, पाणी व भेसळ यांमुळे. रोटरी पंपाला वंगण डिझेलचेच मिळते. त्यात रॉकेल मिसळले की वंगण घटते. बॅरलमधील डिझेल दिवसभर स्थिर ठेवून वरच्या भागातून घ्यावे. फिल्टरखालचे पाणी वेळोवेळी काढावे आणि पुस्तिकेत दिलेल्या तासांनंतर फिल्टर बदलावा. तापमानाचा काटाच लाल पट्ट्यात जात असेल तर आधी रेडिएटरच्या जाळीतील भुसकट, पट्ट्याचा ताण व पाणी पाहावे. जड कामानंतर इंजिन लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटे मंद चालू द्यावे.

नव्या इंजिनांविषयी सूचना

५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हे नियम लागू झाले आणि त्यांत बहुधा सीआरडीआय इंजिने आली. गरम झाल्यावर त्यातील क्रँक सेन्सर बंद पडणे हे तेथील एक नेहमीचे कारण आहे. त्याच्या डिझेल नळ्या शेतात सैल करू नयेत. त्यातील दाब हजार बारच्या पुढे जातो आणि अशी धार कातडी फोडून आत शिरते.

जिवावरचे उपाय

गाडी अडली की काही चालक खाली उभे राहून पाना किंवा स्क्रू ड्रायव्हर लावून सेल्फची टोके जोडतात. असे केल्याने न्यूट्रलची सुरक्षा बाजूला पडते. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिलेला असेल तर तो जागेवरून उसळतो आणि मागच्या चाकापुढे उभा असलेला माणूस त्याखाली सापडतो. हे कधीही करू नये. घरातील पोरांना व चालकांना हे निक्षून सांगावे.

दुसरी सवय म्हणजे पुन्हा सुरू होणार नाही या भीतीने इंजिन बंदच न करणे. ऊस हंगामात कारखान्याच्या रांगेत असे ट्रॅक्टर तासन् तास भुरभुरत असतात. ट्रॅक्टरच्या आकारानुसार ताशी अर्धा ते एक लिटर डिझेल जाते. सहा तासांच्या रांगेत तीन ते सहा लिटर झाले. शिवाय चालू ट्रॅक्टर सोडून चालक चहाला जातो, हा धोका वेगळाच.

आपणास एवढीच विनंती की, ऑगस्टमध्येच एका दुपारी ट्रॅक्टर तासभर कामाला लावून पूर्ण गरम करावा, बंद करावा आणि वीस मिनिटांनी सुरू करून पाहावा. अडला तर सेल्फचा वेग, धुराचा रंग व गार व्हायला लागलेला वेळ एका कागदावर लिहून तो कागद मेकॅनिकच्या हाती द्यावा. दुरुस्तीला तेव्हा सवड असते. वाफसा आल्यावर ती नसते.